बाबा, तुमचा ओळंबा आठवला

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचं म्हणते आणि राहूनच जातं, म्हणजे गोळ्या घेतल्या का, झोप लागली का, गुडघा कसा आहे हे विचारेपर्यंत आई "ठेव आता, तुझी कामं असतील" म्हणते, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी चित्रं काढायला शिकतेय. चार महिने झाले. दर शनिवारी सकाळी अडीच तास क्लास असतो, सगळे मोठेच आहेत, आणि अगदी पहिल्यापासून शिकवतात.

आई, तुला आठवतं का, सहावीत असताना चित्रकलेच्या तासाला मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की "हिला हात नाही". घरी येऊन मी तुझ्याजवळ खूप रडले होते. त्यानंतर मी कधी चित्र काढलंच नाही, कारण मनात तेच बसलं होतं, की हात असावा लागतो, तो ज्याला आहे त्याला आहे. आणि इथे पहिल्या दिवशी मॅडम हाताबद्दल बोलल्याच नाहीत. एक साधा कप ठेवला टेबलावर आणि म्हणाल्या काढा. मी काढला, वरची कड मस्त लंबगोल आणि खालून सरळ रेघ. सगळ्यांनी तसाच काढलेला! मॅडम म्हणाल्या, कपाचा तळ सपाट असतो हे तुम्हाला *माहीत* आहे म्हणून तुम्ही सरळ रेघ मारली, पण *दिसतंय* काय ते बघा. बघितलं तर खालची कड वरच्यापेक्षाही जास्त गोल दिसत होती. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जाल तितका तो लंबगोल उघडत जातो. इतकी वर्षं रोज कप हातात धरतेय आणि हे एकदाही दिसलं नव्हतं, मला खरंच गलबलून आलं त्या दिवशी.

मग एकेक युक्त्या शिकवल्या. खुर्ची काढायची तर खुर्ची काढायचीच नाही, पायांच्या मधली जी रिकामी जागा आहे तिचा आकार काढायचा. खुर्ची कशी असते हे डोक्यात पक्कं असतं, पण रिकाम्या जागेबद्दल डोक्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे तिथे नाइलाजाने बघावंच लागतं. चेहऱ्याचंही तसंच, डोळे आपण फार वर काढतो, पण मोजलं तर ते डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत अर्ध्यावर. आम्ही एकमेकांची डोकी पेन्सिलीने मोजली तेव्हा कुठे पटलं.

आणि आता जे सांगायचं होतं ते. बाबा, हे तुमच्यासाठी. गेल्या महिन्यात उभा माणूस काढायचा होता, माझा माणूस सारखा एका बाजूला कललेला, पडेल असा वाटायचा. मॅडमनी पर्समधून एक दोरा काढला, त्याला खाली वजन बांधलेलं, तो समोर धरला आणि म्हणाल्या, बघा, गळ्याच्या खळगीपासून सरळ खाली आलं की काय लागतं? ज्या पायावर भार आहे त्याचा घोटा. मी बघतच राहिले. बाबा, तो तुमचा ओळंबा होता हो! तुम्ही साइटवर भिंतीला लावून एक डोळा मिटून बघायचात, मी शेजारी उभी असायचे, आणि म्हणायचात "डोळा फसतो, दोरी फसत नाही". माझ्या तोंडून ते वाक्य क्लासमध्ये निघून गेलं आणि मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं.

पेन्सिलीने मोजतानाही तसंच, हात पूर्ण ताठ हवा, कोपर वाकलं की माप बदलतं. तुम्ही लेव्हल बघताना असेच उभे राहायचात.

आई, तू हसशील पण तू तर आधीपासूनच हे करत होतीस. आम्हाला सांगतात रेघ मनगटातून नको, खांद्यातून ओढा, म्हणजे लांब वळण अडखळत नाही. मला लगेच तू कापडावर खडूने मुंढ्याचं वळण काढायचीस ते दिसलं, एका दमात, सगळा हात फिरायचा तुझा. मला हात नाही म्हणे! या घरातलं हे सगळं मी जवळून बघत मोठी झालेय, फक्त त्याला चित्रकला म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेडिंग अजून जमत नाही. डोळे किलकिले करून बघायचं असतं, म्हणजे बारीकसारीक जाऊन फक्त उजेड आणि सावली उरते. पांढरा चेंडू काढताना कळलं की पांढरा रंग फक्त एका ठिपक्यापुरता असतो, बाकी सगळे राखाडीच, आणि सावलीच्या अगदी खालच्या कडेलाही टेबलावरून उलटून आलेला थोडा उजेड असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तू म्हणाली होतीस ना, भिंत इतकी पांढरी होती होय, तसं मला दर शनिवारी होतं.

बाबा, अजून एक, तुम्हाला आवडेल. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. ग्राफाईट आणि चिकणमाती कालवून भट्टीत भाजतात, विटेसारखं! माती जास्त तर एच, कडक आणि फिकी, ग्राफाईट जास्त तर बी, मऊ आणि काळी. फ्रान्समध्ये कॉन्ते नावाच्या माणसाने 1795 मध्ये याचं पेटंट घेतलं, कारण युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाईट यायचं बंद झालं होतं. आणि व्हॅन गॉग, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, आणि तोसुद्धा दोरे ताणलेली लाकडी चौकट समोर ठेवून मोजूनमापून काढायचा. मी तर पंचेचाळीस, पण दोरी मी सहाव्या वर्षीच बघितलेली आहे.

पुढच्या महिन्यात आठ दिवस येतेय. मला तुम्हा दोघांना काढायचंय, फोटोवरून नाही, समोर बसवून. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, ट्यूबलाइट बंद, कारण दोन उजेड असले की दोन सावल्या पडतात आणि गोंधळ होतो. वीस मिनिटं बसायचं, मग पाय मोकळे करायचे, मग परत. आई, तू केस वगैरे नीट करत बसू नकोस, शिवताना बसतेस तशीच बस, चष्मा नाकावर घसरलेला.

आणि बाबा, ओळंबा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल, मला तो हवाय. पण स्टुलावर चढून काढू नका, मी आले की मी काढते.

तुमची,
धाकटी