जिल्ह्याला एकच पारा कसा पुरेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोज बेळगावचे कमाल आणि किमान तापमान छापून येते. होळीनंतर चढलेले ऊन अक्षय्यतृतीया झाली तरी उतरायचे नाव घेत नाही, त्यामुळे सध्या पेपर हातात आला की घरोघरी आधी तोच चौकोन पाहिला जातो. हे पत्र त्या चौकोनाबद्दल आहे. तिथे येतो तो आकडा शहराचा, आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचा उन्हाळा ठरवला जातो. कनकुंबीपासून अथणीपर्यंत सगळ्यांना तो एकच आकडा लावणे बरोबर नाही. अधिकारी, ठेकेदार, यात्रा कमिट्या, सगळे तो आकडा बघून 'अजून एवढे काही नाही' म्हणतात आणि भर दुपारी माणसे उन्हात उभी राहतात.

आपल्या जिल्ह्याच्या एका टोकाला कनकुंबी आहे. मलप्रभेचा उगम तिथला, घाटमाथ्यावरचे जंगल तिथले, आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तिथे सहज पडतो. दुसऱ्या टोकाला अथणी. तिथे सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी वर्ष बरे गेले म्हणतो. एकीकडे झाडी आणि लाल माती, दुसरीकडे काळी जमीन आणि बाभळी. शहर या दोन्हींच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. गोव्याकडचा वारा दुपारनंतर घाट चढून येतो, त्याचा लाभ शहराला आणि पश्चिम भागाला होतो. गोकाक, रायबागकडे जाईपर्यंत त्यात गारवा उरत नाही. एप्रिल हा बेळगावचा सर्वांत कडक महिना, आणि मे लागला की वळवाने आणि या वाऱ्याने पारा उतरू लागतो, हे शहराचे गणित. अथणी आणि रामदुर्गच्या माणसाला हे गणित सांगून काय उपयोग?

आता 'उष्णतेची लाट' कशी जाहीर होते ते पाहू. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांवर जायला हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असायला हवे, किंवा मग पारा थेट ४५ वर जायला हवा. तेही हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. देशभरच्या मैदानी भागांना एक नियम लागतो, त्याला माझी हरकत नाही. पण बेळगाव शहरात पारा आठवडेच्या आठवडे ३८-३९ वर रेंगाळला तरी या नियमाने लाट येतच नाही. शिवाय आपण येतो 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या उपविभागात, कलबुर्गी, रायचूर आणि विजापूरसोबत. त्यांच्या आकड्यांपुढे आपला आकडा कायमच सौम्य दिसतो. तिकडे कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात. निपाणी आणि कागल यांच्यामध्ये कोगनोळीचा एक नाका, ऊन दोन्हीकडे तेच, आणि इशारा मात्र एकाला बेंगळूरहून तर दुसऱ्याला मुंबईहून.

लाट जाहीर झाली नाही म्हणजे धोका नाही, हा समज जिवावर बेतू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. माणसे तासन्‌तास उघड्या मैदानात बसून होती. त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपास होता. उष्माघाताने १४ जण गेले. घाम वाळला तरच अंग निवते. हवा दमट असेल, वारा पडलेला असेल तर घाम वाळत नाही, उष्णता अंगातच कोंडते, आणि शरीराचे तापमान चाळिशीच्या पुढे गेले की माणूस बरळू लागतो, शुद्ध हरपते. वळवाआधीची आपल्याकडची ती कुंद, घामट दुपार आठवा. पेपरात तेव्हा ३७ च छापलेले असते.

आणि छापलेला आकडा असतो सावलीतला. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. तसाच ठेवायला हवा, त्याशिवाय एका गावाची नोंद दुसऱ्याशी ताडून पाहता येणार नाही. पण त्या पेटीत कोणी काम करत नाही.

मी वडगावचा. आमच्याकडे यंत्रमागाच्या कितीतरी शेड पत्र्याच्या आहेत. पूर्वी वर मंगलोरी कौले होती, खाली पोटमाळा होता. कौले फुटली, दुरुस्तीला माणूस मिळेना, मग पत्रा आला. दुपारी दोनच्या सुमाराला त्या शेडमध्ये पाऊल टाकून बघावे. पत्र्याचा कढ डोक्यावर जाणवतो, मागाच्या मोटारींची उष्णता वेगळी, आणि इतके असून विणकर पंखा लावत नाही. कोरड्या हवेत ताण्याचा दोरा ठिसूळ होतो, पंख्याच्या वाऱ्याने आणखी वाळतो आणि पटापट तुटतो. दोरा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की मजुरी थांबते, कारण ती साडीवर आहे, तासांवर नाही. म्हणून माणसे जमिनीवर पाणी मारतात, खिडकीला ओले गोणपाट लावतात आणि घामाने निथळत उभी राहतात. ओलाव्याने दोरा वाचतो, पण माणसाचा घाम वाळत नाही. उद्यमबागच्या फौंड्रीत भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराचे काय होत असेल याची कल्पना यावरून करावी. यातला एकही माणूस हवामानाच्या चौकोनात कुठे दिसत नाही.

सरकारला उन्हाची जाणीव नाही असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या एप्रिल आणि मे महिन्यात राज्य सरकारने कलबुर्गी विभागातले सातही जिल्हे आणि बेळगाव विभागातले विजापूर व बागलकोट या जिल्ह्यांत सरकारी कार्यालयांची वेळ सकाळी ८ ते दुपारी दीड अशी केली. निर्णय चांगला होता. पण बेळगाव जिल्हा त्यात नव्हता. अथणी तालुका विजापूर जिल्ह्याला खेटून आहे, रामदुर्ग बागलकोटला. जिल्ह्याची हद्द ओलांडली की ऊन कमी होते काय? आमच्या जिल्ह्याचे नाव राहून जाते कारण जिल्हा म्हटला की शहर डोळ्यांसमोर येते, आणि बेळगाव म्हणजे थंड हवेचे गाव ही जुनी ख्याती आडवी येते. अथणी, कागवाड, रायबाग, रामदुर्ग या तालुक्यांसाठी तालुकानिहाय आदेश काढायला काय अडचण आहे? दुष्काळ तर तालुकानिहायच जाहीर होतो. २०२३ साली राज्यातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी ठरले, ते तालुक्यांची पाहणी करूनच. मग उन्हालाच जिल्ह्याचे माप का?

पश्चिम भागाचे दुखणे वेगळे आहे, आणि शेतकऱ्याच्या घरचा म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर आणि पलीकडे चंदगड पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी होते. सुगी झाली की नांगरट करायची, उन्हात जमीन तापू द्यायची, ढेकळे वाळू द्यायची. एप्रिल-मेमध्ये वळवाचे एकदोन चांगले पाऊस झाले की ढेकळे विरघळतात, मग कुळवणी करून जमीन भुसभुशीत करायची आणि रोहिणीच्या तोंडावर कुरीने कोरड्यात भात पेरायचे. मृगाच्या पावसावर ते उगवते. या साऱ्या कामाची चावी वळवाकडे आहे. ऊन नुसते तापत राहिले आणि वळीव झालाच नाही, तर ढेकूळ दगडासारखे राहते, कुळव वरच्या वर उड्या मारतो, ट्रॅक्टरच्या भाड्याचा खर्च दुप्पट होतो.

तापले की पाऊस येतोच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तापलेली हवा वर चढते, पण ढग व्हायला बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट वारा यावा लागतो. वरच्या थरात हवा खाली दाबली जात असेल तर तापलेली हवा मध्येच अडते, ढग वाढत नाहीत, आभाळ निरभ्र राहते आणि ऊन आणखी तापते. उन्हाळा लांबतो तो असा. मग एखाद्या दिवशी दमट वारा घुसला की साठलेले सगळे एकदम फुटते. वादळ, गारा, विजा. काजूचे आणि आंब्याचे नुकसान, घरांवरचे पत्रे उडणे, झाडे तारांवर पडणे आणि रात्रभर अंधार. याच्या उलटही होते. २०२५ साली मान्सून केरळात १ जूनऐवजी २४ मेलाच आला, आणि मे महिन्यातच पाऊस असा लागून राहिला की वापसा, म्हणजे पेरणीजोगी सुकलेली जमीन, मिळणे अवघड झाले. वळवाचे हे बिघडलेले वेळापत्रक मला पाऱ्यापेक्षा जास्त चिंतेचे वाटते. कृषी खात्याने धूळवाफेच्या शेतकऱ्याला मेच्या पहिल्या पंधरवड्यातच सल्ला द्यायला हवा: कोरडी पेरणी करावी की रोप टाकून लावणीची तयारी ठेवावी. आज तो सल्ला शेतकरी शेजारच्या बांधावर विचारतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. कृष्णा चिकोडी, कागवाड, अथणी भागात उन्हाळ्यात कोरडी पडते आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते. २०१९ च्या मेमध्ये नदीचे पात्र उघडे पडले होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच गावांत महापूर शिरला. पाणी कधी सुटणार याचा निर्णय दरवर्षी मेमध्ये पत्रव्यवहार करून होण्याऐवजी दोन्ही राज्यांनी तो फेब्रुवारीतच लेखी करून ठेवावा. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. तहान तोपर्यंत थांबत नाही.

आता आपल्याकडे मागणे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने राज्यभर होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या, पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. म्हणजे कनकुंबी कुठे आणि अथणी कुठे हे दाखवणारी माहिती सरकारजवळ तयार आहे. ती आमच्यापर्यंत मराठीत पोचत नाही. उन्हाचा इशारा कन्नड आणि इंग्रजीत निघतो आणि खानापूर तालुक्यातल्या वीटभट्टीवरची बाई, येळ्ळूरचा शेतमजूर, वडगावचा विणकर यांच्या कानावर तो पडेपर्यंत दिवस मावळलेला असतो. आपल्या दैनिकाने ही माहिती रोज मिळवून होबळीनिहाय छापावी. पाऱ्याबरोबर हवेतील आर्द्रता आणि रात्रीचे किमान तापमानही द्यावे, कारण रात्र निवली नाही तर दिवसभर राबलेले शरीर सावरत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच ऊन जास्त बाधते.

अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उन्हाळ्यातले मृत्यू पाहून २०१३ साली स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला. इशारा कोणत्या तापमानाला द्यायचा हे त्या शहराने तिथल्या नोंदी तपासून ठरवले. बेळगाव महापालिकेने आणि जिल्हा पंचायतीने तसेच करावे. जिल्हा रुग्णालयाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे उन्हाने आजारी पडलेल्यांची नोंद असते. ती पाऱ्याशेजारी मांडली की आपल्याला किती अंशांवर सावध व्हायचे ते कळेल. माझा अंदाज आहे की शहरासाठी ती पातळी ४० च्या बरीच खाली निघेल.

तोवर काही गोष्टी खर्चाशिवाय होण्यासारख्या आहेत. रोजगार हमीचे आणि बांधकामाचे काम सकाळी लवकर सुरू करून बारापूर्वी थांबवावे. गावोगावच्या लक्ष्मी यात्रांत आंबील आणि ताक वाटप होतेच, त्याच्या जोडीला मांडव मोठा घालावा आणि मुख्य विधी उन्हे कलल्यावर ठेवावेत. आपल्याकडची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात रात्री निघते, तशी वेळ इतर कार्यक्रमांनाही जमेल. यंत्रमागाच्या शेडवर पत्र्याखाली छत घालायला वस्त्रोद्योग खात्याने अनुदान द्यावे ही मागणी विणकर संघटनांनी लावून धरावी.

होबळीनिहाय चौकोन सुरू करायचा तर पहिल्यांदा अथणी, रामदुर्ग, निपाणी, कनकुंबी आणि बेळगाव एवढी पाच ठिकाणे घेतली तरी चालेल. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्याच्या शेजारच्या चार ओळी पुरतील. मे संपण्याआधी ते व्हावे ही विनंती.

आपला,
एक वाचक
वडगाव, बेळगाव