लेपोचे डोके फेकण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नामशेष चपट्या माशांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. त्यात ऑटोलिथला, म्हणजे माशाच्या कानातल्या खड्याला, ‘हाड’ म्हटले आहे, तेवढे मात्र खटकले. तो खडा चुन्याचा असतो, अरॅगोनाइटचा. मासा कुजला, काटे विखुरले तरी तो गाळात शाबूत राहू शकतो. केरळात कोल्लमच्या सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत असे खडे मिळाले आहेत. (आपल्या जांभ्यात कुणी शोधू नयेत!)

लेपो हा जिभेसारखा चपटा मासा. तो साफ करताना मी डोके बाजूला ठेवते, सून हसते. सुईने कवटी उघडली की मेंदूखाली दोन बारीक पांढरे खडे मिळतात. दोडयाऱ्याचे (ढोम्याचे) खडे बोटांनी उचलता येतात, लेपोचे भिंगाखालीच बघावे लागतात. खड्याच्या आतल्या बाजूला एक खाच असते. ती केवढी, कडेपर्यंत पोचते की आधीच थांबते, खड्याची कड कशी, यावरून जात ओळखतात.

चपट्या माशांत मात्र एक गोम आहे. पिल्लाचे डोळे दोन बाजूंना असतात. मग एक डोळा सरकत दुसऱ्याशेजारी जातो. लेपोचे दोन्ही डोळे डावीकडे. अशा अनेक माशांत डाव्या आणि उजव्या कानातले खडे तंतोतंत सारखे नसतात. वयाप्रमाणेही आकार बदलतो. सुटा खडा वेगळा दिसला म्हणून लगेच नवे नाव दिले, तर एकाच माशाच्या दोन जाती व्हायच्या. झिजलेल्या खड्याला तर नाव देऊच नये, असे माझे मत.

म्हणून तुलनेसाठी आधी आजच्या माशांचे खडे हवेत. व्हेर्नर श्वार्झहान्स यांच्या १९९९ च्या ग्रंथात चपट्या माशांचे आजचे आणि जीवाश्म खडे एकत्र तपासले आहेत. आपल्याकडे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवतात, आणि म्हापशाच्या बाजारात लेपोची डोकी मांजरांपुढे पडतात. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला दहा डोकी मागून आणली, माशाची लांबी, तारीख आणि खड्याची बाजू लिहून ठेवली, तरी दोन-तीन वर्षांत चांगला संग्रह होईल.

माझ्या जोड्या काडेपेट्यांत आहेत. कुणाला हव्या असल्यास देईन. सुरुवातीच्या काहींवर डावा-उजवा लिहायचे मी विसरले, तेवढ्या वगळून.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, म्हापसा