हिरव्या रंगाचा जनुकीय अहवाल : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना एका तालुक्याच्या डॉक्टरचे खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं दवाखाना चालवतो. गेल्या महिन्यात ४१ वर्षांचा एक माणूस आला. अंगाने सडपातळ, पोट तेवढं पुढे. रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, म्हणाला. उपाशीपोटीची साखर निघाली २४८. वडील आणि चुलते दोघेही मधुमेही. ‘मग इतकी वर्षं रक्त का नाही तपासलंस?’ असं विचारल्यावर त्याने पिशवीतून एका खासगी कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा जनुकीय अहवाल काढला. त्यात मधुमेहासमोर हिरवा काटा : ‘धोका कमी’. शेवटून दुसऱ्या पानावर, चष्मा लावूनही वाचवेना अशा अक्षरांत, हा हिशेब प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून केल्याचं लिहिलं होतं.

‘धोका कमी’ म्हणजे आजार होणारच नाही असं नव्हे, हे मला कळतं. पण तो हिरवा रंग बघून हा माणूस तीन वर्षं निर्धास्त राहिला. म्हणून हे पत्र.

तिथला हिशेब इथे जसाच्या तसा का लागू पडत नाही? आजारी आणि निरोगी माणसांची जनुकं ताडून पाहणाऱ्या अभ्यासांवरून हा हिशेब होतो. त्यांत सापडतं ते बहुतेक वेळा आजाराचं मूळ नसतं, मुळाशेजारची खूण असते. पाहुण्याला आपण सांगतो, ‘वडाच्या झाडाला लागून आमचं घर.’ आमच्या गावात हा पत्ता बरोबर. दुसऱ्या गावातही वड असतो, पण त्याच्याशेजारी भलत्याचंच घर. जनुकांत कोणती खूण कशाच्या शेजारी राहिली, हे त्या त्या लोकसमूहाच्या हजारो वर्षांच्या इतिहासाने ठरतं. आपल्याकडे तर शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली, त्यामुळे शेजारच्या दोन आळ्यांतही फरक पडू शकतो.

काही ठिकाणी खूणच नव्हे, मूळही वेगळं असतं. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळलेला एक प्रकार आहे. त्याने हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतीय उपखंडात तो सुमारे ४ टक्के लोकांत, म्हणजे पंचविसात एकाकडे आढळतो; युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. केवळ युरोपीय रक्त तपासून केलेल्या यादीत तो येणार कुठून?

मधुमेहाचं उदाहरण तर पुण्यातलंच आहे. एफटीओ जनुकाचा एक प्रकार युरोपीय लोकांत आधी वजन वाढवतो आणि त्या वाटेने मधुमेह आणतो, असं दिसलं होतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की आपल्या लोकांत बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, हिशेब वजा केला तरी त्याचा मधुमेहाशी संबंध उरतोच. याच याज्ञिकांचा एक फोटो आम्हा डॉक्टरांना पाठ आहे. शेजारी लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! शरीरच वेगळं घडलेलं असताना त्याच जनुकाचा परिणाम दोन्हीकडे सारखा कसा धरायचा?

परक्या लोकांवरून केलेलं सगळंच टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. टाइप १ मधुमेह ओळखण्यासाठी युरोपात तयार झालेला जनुकीय गुणांक, म्हणजे अनेक जनुकीय खुणांची बेरीज, पुण्याच्या रुग्णांवर तपासला गेला, तेव्हा तो चालला, थोडा कमी पण चालला. मुद्दा एवढाच की आधी तपासला, मग बोलले.

आपल्याकडे दोन गोष्टी मागतो. आजाराच्या धोक्याचा जनुकीय अहवाल देणाऱ्या प्रत्येक कंपनीने तो कोणत्या लोकांच्या माहितीवर बेतला आहे, हे पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, रुग्णाच्या भाषेत छापावं. भारतीयांवर पडताळलेला नसेल तर हिरवा-लाल रंग दाखवायला बंदी असावी.

दुसरी मागणी मोठी आहे : असे अभ्यास आपल्याच लोकांवर, मोठ्या प्रमाणात व्हावेत. जगभरच्या अशा अभ्यासांतले साधारण ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. आपल्या जीनोमइंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, याचा मला अभिमान आहे. पण आजाराशी संबंध शोधायला लाखांत माणसं लागतात आणि प्रत्येकाची साखर, रक्तदाब, पोटाचा घेर वर्षानुवर्षं नोंदलेला लागतो. ब्रिटनने ५ लाख लोकांचं असं काम केलं. आपण ते करताना मेळघाट आणि गडचिरोलीही त्यात हवेत, आणि संमतीचा कागद त्या माणसाला वाचून समजेल अशा भाषेत हवा.

परवा तोच रुग्ण पुन्हा आला. साखर उतरते आहे. जाताना त्याने विचारलं, ‘डॉक्टर, पोराची करू का ही टेस्ट?’ मी नको म्हणालो. मुलाच्या पोटाचा घेर मोजला, सोळाचा आहे तो, आणि रक्त तपासायला दिलं.

माझ्याकडे २६ वर्षांच्या केसपेपरांची तीन कपाटं आहेत. रुग्णांची संमती घेऊन, नावं झाकून ती या कामाला द्यायची माझी तयारी आहे. ती कोणाकडे द्यायची, तेवढं आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक डॉक्टर