रात्रपाळीच्या सिस्टर, मनापासून आभार

बाळाचं जठर जन्मतःच इवलंसं, नळीसारखं. त्यामुळे दूध उलटं अन्ननलिकेत चढतं. अशा रिफ्लक्सला नेहमीची फंडोप्लिकेशन शस्त्रक्रिया चालत नाही. अन्ननलिकेभोवती गुंडाळायला जठराचा वरचा फुगीर भागच नसतो. म्हणून लहान आतड्याची पिशवी करून जठराला जोडली. तो जोड भरून येईपर्यंत दूध पोटावरच्या नळीतून थेट आतड्यात, पंपावर, संथपणे. भसकन दिलं तर जुलाब होतात, रक्तातली साखर चढून घसरते.

त्या रात्री नळीच तुंबली, दूध थांबलं. तुम्ही आधी बाळाची साखर तपासली, ड्युटी डॉक्टरांना सांगून शिरेतून ग्लुकोज सुरू करवलं. छोट्या सिरिंजने रेटलं नाही (तिचा दाब जास्त, नळी फाटते). मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत-बाहेर खेळवलं. नळी उपसली नाहीत हे फार बरं झालं, नळीची पोटातली नवी वाट लगेच मिटते. दूध सुरू करण्याआधी नळीवरची त्वचेजवळची खूणही पडताळलीत.

आणि दुसरी सिरिंज आईच्या हातात देऊन, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून, किती दाबायचं ते समजू दिलंत. घरी ही नळी तिलाच सांभाळायची आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे आभार.