थडिंग्युतचा (म्यानमारच्या दिव्यांच्या सणाचा) व्हिडिओ बघून

रत्नागिरी, ९ ऑक्टोबर २०२५

चि. मनू,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ मिळाला. गुडघे टेकून तू तीनदा कपाळ चटईला लावलंस आणि घरमालकीण आजींनी पुटपुटत तुझ्या मुठीत नोट कोंबली, ते चारदा पाहिलं. लुंगी लांब होतेय तुला, पायात येईल. बाबा म्हणाले, "केळ्यांच्या मधोमध असोला नारळ कोण ठेवतं?" मग चष्मा पुसून परत बघायला बसले.

तेवढ्या मेणबत्त्यांचं बघ हं. परवा बातम्यांत सांगितलं, ऐन पौर्णिमेच्या रात्री सगाइंगकडे मेणबत्त्या घेऊन जमलेल्या लोकांवर पॅराग्लायडरमधून बॉम्ब टाकले. वीसहून जास्त माणसं गेली. त्याच वेळी आम्ही गच्चीत कोजागिरीचं दूध आटवत होतो. यांगॉन तिथून लांब आहे, माहीत आहे मला. तरी गर्दीत जाऊ नकोस.

विहारात भंतेजी सांगायचे, आठवतं? बुद्धांनी एक वर्षावास तावतिंस स्वर्गात आपल्या आईला अभिधम्म शिकवण्यात घालवला, ते उतरले म्हणून हे दिवे. तीन महिने दिले त्यांनी आईला. तू दोन ओळींचा मेसेज टाकतेस. असो. टोमणा मारायचा नव्हता. चारशे बायांच्या लाइनवर तू क्वालिटी बघतेस, हे मी सगळ्यांना सांगत असते.

लहानपणी थिबा राजवाड्याच्या पायरीवर बसून विचारायचीस, राजाला घरी का नाही जाऊ दिलं? ब्रह्मदेशचा राजा तो, इंग्रजांनी १८८५ ला मंडालेहून काढला, १९१६ ला इथेच रत्नागिरीत गेला बिचारा. तुला कोणी अडवलंय गं? बघ, पुन्हा तेच. दादा म्हणतो, तुझं पत्र नेहमी 'परत ये'वरच येतं.

काया, वाचा, मनाने काही चुकलं असेल तर मोठ्यांची क्षमा मागायची, असं लिहिलंयस. त्या आजींचं तू काय बिघडवलंयस? वाचेने चुकले ती मी. विमानतळावर 'जा, मरायला जा' म्हणाले. बातमी ऐकल्यापासून तेच कानात बसलंय. कोणापुढे टेकू कपाळ? तूच लहान.

आजींना नमस्कार सांग. कारखान्यातून थेट घरी येत जा. आणि निजताना मेणबत्त्या विझव, गॅलरीच्या कठड्यावर त्यांच्या शेजारीच तुझी ओढणी वाळत होती.

तुझी,
आई