बाबा, तुमचं भुयार पाहून आलो

अकोट,
१२ जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा एकच गोष्ट तीनदा विचारत होते, "भुयार पाह्यलं काय रे?" आणि तिन्ही वेळा माझा आवाज तुटत होता. म्हणून लिहायला बसलो. तसंही फोनवर बाबांनी मधेच गाडी आपल्या हातात घेतली असती. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल.

तर रविवारी नरनाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन आलो. आम्ही चौघं आणि शाळेतले एक गुरुजी. पोपटखेड, मग शहानूर, तिथं जंगल खात्याच्या नाक्यावर पावती फाडली आणि घाट चढलो. बाबा, तुम्ही अकोट मुक्कामाची एस.टी. घेऊन यायचे तेव्हा हा रस्ता कसा होता देव जाणे. आता जिप्सी वर तलावापर्यंत जाते. आई, हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखव. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

महाकाली दरवाजासमोर मात्र पोट्टेही चूप झाले. पांढरट दगड, त्यात कोरलेली कमळं, दोन्ही अंगाला दगडी जाळीचे सज्जे आणि वर अरबी अक्षरांच्या ओळी. १४८७ मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कनं तो बांधला. तेव्हा हा बहमनींचा वऱ्हाडातला सरदार. तीनच वर्षांत स्वतःची इमादशाही मांडून मोकळा झाला. मला वाटते, असा दरवाजा बांधणारा माणूस दुसऱ्याच्या चाकरीत फार दिवस राहत नसतेच.

दरवाजाला लागून पहारेकऱ्यांच्या खोल्या आहेत. धाकटा ओरडला, "आबाजीचं भुयार हेच!" आणि शिरला आत. मागे मी, मोबाइलचा उजेड घेऊन. वटवाघळांचा असा उग्र वास की नाकाला रुमाल लावला. दहा पावलं गेलो असू, तर मोबाइलनंच जीव सोडला. तुमची ती तीन सेलची बॅटरी असती तर, असं बोलून गेलो. हात लांब केला तर समोर भिंत. पोरगा हिरमुसला आणि खरं सांगू, मीही.

कारण लहानपणापासून ऐकलेलं भुयार काही दहा पावलांचं नव्हतं. त्यातून बैलगाडी जायची, थेट तिकडच्या गाविलगड किल्ल्यापर्यंत! मधे अख्खा मेळघाट आहे हे कळायच्या वयात आलो तरी तुम्ही एक इंच मागं सरले नाही. "वरून डोकावलं की खाली कमानी दिसतात अन् हाक मारली की ती दुसऱ्याच अंगानं वापस येते." हे तुमचे शब्द. आई तेव्हा भाकर थापता थापता म्हणायची, "हे कायचे गडावर जातात? डेपोत पत्ते कुटत बसले असतील."

नऊगजी तोफ पाहिली, तिच्यावर बसून पोरांचे फोटो झाले. मग गुरुजी म्हणाले, तेला-तुपाची टाकी पाहू. जमिनीत बांधलेल्या दगडी टाक्या आहेत. लोक सांगतात, गडाचं तेल-तूप इथं साठवत. वाकून पाहिलं. बाबा, खाली कमानी आहेत. धाकट्यानं "आबाजीऽऽ" अशी हाक दिली आणि ती आतल्या आत फिरून भलतीकडूनच आल्यासारखी वाटली. मी तिथंच बसलो जरा वेळ.

म्हणजे तुम्ही गेले होते. पण कधी? सकाळी पहिली गाडी काढायची असायची ना तुम्हाला? आणि कोणासंग? आई, पत्त्यांचं बोलणं तुला आता मागं घ्यावं लागते. बैलगाडीचं मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.

उतरल्यावर गुरुजींच्या शेतात रोडगे. त्यांच्या आईनं सकाळीच गोवऱ्यांचा जगरा लावून ठेवला होता. जाडसर कणीक, त्यात ओवा. तूप लावलेल्या छोट्या पाऱ्या एकीवर एक ठेवून मोठ्या पारीत बंद केल्या की झाला गोळा, तो सरळ निखाऱ्यात. निघाला तेव्हा काळा ठिक्कर. म्हातारीनं फडक्यानं राख झटकली, दोन्ही तळव्यांत धरून नुसता दाबला, तर फुटून आतले पापुद्रे वाफेसकट वर आले. त्यावर पळीभर तूप. "मास्तर, लाजता काहून? टाकीतलं नाही, घरचं आहे," मला म्हणाली. संग तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. भाजी झकास, पण तर्री जास्त. तुझ्या भाजीसारखी वांगी अख्खी राहिली नव्हती. वरण मात्र तुझ्यापेक्षा थोडंसं बरं होतं. राग नको धरू. सूनबाईनं तीन रोडगे खाल्ले आणि रात्री जेवायचं नाव काढलं नाही.

येताना अंजनगावची विड्याची पानं मिळाली, तुमच्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. ती आठ दिवसांच्या वर काही टिकायची नाहीत, तेव्हा पुढच्या शनिवारी या. अकोल्यावरून अकोटची गाडी दिवसभर असते, ते मी तुम्हाला काय सांगू! आई, तुझ्या हातची जवसाची चटणी आण.

आणि बाबा, बॅटरीत नवे सेल टाकून आणा.

तुमचा,
मोठा