गाडी कुणाच्या नावावर?

प्रिय सुध्या,

तुला स.न.वि.वि. लिहायचं म्हणजे हसूच येतं, पण पत्र म्हटल्यावर सुरुवात तरी रीतसर. फोन केला असता तर "घेऊ दे की लेका पोराला" म्हणून तू दोन मिनिटांत विषय उडवला असतास आणि मग तासभर क्रिकेट. म्हणून लिहितोय. इथे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. एवढे महिने गप्प होतो त्याबद्दल शिव्या भेटल्यावर घाल.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथे आहे, गुडघाही आहे तिथेच. वंदना बरी. पुढे.

ओंकारनं बाईक ठरवलीय. केटीएमची आरसी ३९०. पुढे वाकून बसायची, अंगभर प्लास्टिकचे पंख लावलेली. ४३ पीएस, म्हणजे त्रेचाळीस घोडे, सुध्या. आपल्या यामाहा आरएक्सला अकरा घोडे होते आणि त्या अकरांनी काय केलं ते तुला सांगायला नको. याची नोकरी अजून नवी, गिअरवालं लायसन्स त्याहून नवं, आणि आजवर चालवली ती वंदनाची स्कूटर. हप्ते स्वतः भरणार म्हणतो. वंदना म्हणते, सरळ नाही म्हणा. मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या बापानं नाही म्हटल्यावर मी काय केलं त्याचा साक्षीदार तूच.

तर बाईक येणार हे धरून चाल. माझं डोकं अडकलंय ते विम्यात.

तू म्हणशील, विम्यात काय अडकायचंय, शोरूमवाला करून देतो. तसंच होतं. एजंट घरी आला, मोबाईलवर कोटेशन काढायला लागला. मी शेजारी बसून बघतोय. मॉडेल, सीसी, आरटीओ, मालकाचं नाव, जुनी पॉलिसी असेल तर तिचा नंबर. चालवणार कोण, त्याचं वय काय, किती वर्षं चालवतोय, याचा रकानाच नाही. मी विचारलं, "अहो, मुलगा नवा आहे, त्याचा प्रीमियम जास्त नाही का लागणार?" तो म्हणाला, "काका, ते परदेशात. आपल्याकडे सीसी बघतात."

खरं आहे त्याचं. थर्ड पार्टीचे, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचे, दर सरकारनं ठरवलेले, २०२२ च्या जूनपासूनचे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो. १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७. वर १८ टक्के जीएसटी. बास. म्हणजे ३४९ सीसीची क्लासिक घेऊन डुगडुगत जाणारा निवृत्त माणूस आणि ३१२ सीसीची आरआर घेऊन बेंबीच्या देठापासून किंचाळत जाणारा विशीतला पोरगा, दोघांना एकच दर. क्लासिकचे घोडे वीस, आरआरचे जवळपास दुप्पट. सीसीला ते कळत नाही.

परदेशातलं मी वाचून काढलं. युरोपात चोविसाव्या वर्षाआधी मोठ्या ताकदीच्या बाईकचं लायसन्स थेट देतच नाहीत. आधी दोन वर्षं ३५ किलोवॉटच्या आतली चालवा म्हणतात. मी हे जेवताना मोठ्या थाटात सांगितलं. ओंकारनं मोबाईलवर हिशेब केला आणि म्हणाला, "बाबा, ४३ पीएस म्हणजे ३२ किलोवॉट. बसते की." वंदना हसली. मी नाही हसलो.

आता खरी गोष्ट. एजंटनं मला एक युक्ती सांगितली आणि ती ऐकल्यापासून मला झोप नाही.

माझी युनिकॉर्न मी विकली ना, तिचा नो क्लेम बोनस माझ्याकडे तसाच पडलाय. प्रीमियमवर पन्नास टक्के सूट. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही की तिथवर पोचतो. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तर कंपनीकडून पत्र घेऊन ठेवायचं आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या दुचाकीला लावायचा. एजंट म्हणाला, "काका, बाईक तुमच्या नावावर घ्या. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम निम्म्यावर येईल. शिवाय तुमच्या कारच्या पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा आहे, तो इथे परत घ्यायला नको. तेही वाचले." कर्जवालाही तेच म्हणतो, मुलाची नोकरी नवी, वडिलांच्या नावावर लवकर होईल. सगळे मिळून बाईक माझ्या नावावर ढकलतायत. वाचणार किती? दोन-अडीच हजार. बोनस ओन डॅमेजवरच मिळतो, थर्ड पार्टीच्या त्या १५,११७ ला हात लागत नाही.

मी कागद मागितला. त्याला नवल वाटलं, कारण कागद कुणी मागत नाही. तो पंधरा लाखांचा विमा आहे ना, त्याचं नावच मालक-चालक. पॉलिसीत लिहिलंय, नोंदणी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि लायसन्सही ज्याच्याकडे, त्याला. म्हणजे मला. मी त्या बाईकवर कधी बसणार? मागचं सीट बघितलंयस तू? त्यावर मांजर बसेल. चालवणार ओंकार. तो स्वतःच्या चुकीनं घसरला, तर तो थर्ड पार्टी नाही, कारण थर्ड पार्टी म्हणजे समोरचा. आणि मालक-चालकही नाही, कारण मालक मी. माझा विमा तर कारच्या पॉलिसीत आहे म्हणून इथे घेतलेलाच नाही. म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांचा विमा आहे, लोखंडाचा आहे, माझा आहे, आणि ज्याच्यासाठी मी एवढा जागतोय त्या पोराचा नाही.

मी हे एजंटला म्हटलं. तो म्हणाला, "काका, एवढा विचार कुणी करत नाही." जसं काही ते माझ्यावरचं उपकाराचं सर्टिफिकेट!

म्हणून मी ठरवलं, बाईक ओंकारच्या नावावर. बोनस गेला उडत. कर्जाला मी जामीन राहतो. मालक तो, लायसन्स त्याचं, पंधरा लाखांचा मालक-चालक विमा त्याच्या नावानं. मृत्यूला पूर्ण, दोन अवयव गेले तर पूर्ण, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे. हे वाचताना हात थरथरतो रे. पोराच्या एकेका अवयवाचा दर वाचून मी खाली सही करणार.

आणि इथे वंदनानं मला पकडलं. गेले कित्येक दिवस ती बाईकच्या विरोधात, नावाबिवाच्या भानगडीत पडली नव्हती. एकदम म्हणाली, "त्याच्या नावावर करताय म्हणजे स्वतःचं अंग काढून घेताय."

सुध्या, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. कारण तिला माझ्या बापाचं, दादांचं, फक्त ऐकून माहीत आहे. आपल्याला बघून माहीत आहे. आरएक्स दादांच्या नावावर होती आणि दादांना गिअरसुद्धा टाकता येत नव्हता. ते सायकलवाले मास्तर, तो पंचनामा, आणि पॉलिसीची उलटून गेलेली तारीख. हँडल कुणाच्या हातात होतं यावर आपण आयुष्यभर भांडू, तू चोकवरून सुरू करशील आणि मी तुझ्या त्या फुटक्या हेल्मेटवरून, पण ट्रिब्युनलनं विचारलं ते मालक कोण एवढंच. भरपाईपायी विहिरीकडचा जमिनीचा तुकडा गेला. दादा आपल्याला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं.

२०१८ च्या सप्टेंबरपासून तो पाच वर्षांचा नियम आलाय, सुप्रीम कोर्टामुळे. आपल्या अपघाताच्या वेळी आरएक्स चार वर्षांची होती. आज असती तर तारीख उलटलीच नसती. हे मला परवा रात्री दोन वाजता सुचलं आणि तुला उठवावंसं वाटलं.

तर मग सांग, वंदना खरं बोलतेय का? मालकी त्याची केली की पोराला कवच मिळतं हे कागदावर बरोबर आहे. पण उद्या त्यानं बिनलायसन्सच्या मित्राला गाडी दिली, त्या मित्रानं कुणाला उडवलं, तर कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करू शकते. तो मालक मी नसणार. हे मला आधी सुचलं की नंतर, ते मलाच सांगता येत नाही. दादांच्या जागी उभं राहायची माझी तयारी नाही, असं वंदनाला म्हणायचंय. तयारी आहे का, ते तू सांग. तू मला तेव्हाही ओळखत होतास.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, भराभर सांगतो, कारण तुझ्या भाच्यालाही लागतील.

पाच वर्षं फक्त थर्ड पार्टी. ओन डॅमेज बहुतेक वर्षाचाच असतो आणि लोकांना वाटतं पाच वर्षं निवांत. वर्षानं गाडी चोरीला गेली की कपाळाला हात. ओन डॅमेज तुटून नव्वद दिवस उलटले की बोनसही जातो. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी ओंकारच्या फोनवर ती संपायची तारीख टाकणार. त्याच्याच नाही, माझ्याही फोनवर. दोन्ही.

झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घट न कापणारं जादा कवच, घ्यायचंच. का ते मी डोळ्यांनी बघितलं. ओंकारचा मित्र त्याची तसलीच बाईक घेऊन आमच्या पार्किंगमध्ये आला, ऐटीत उतरला, आणि साईड स्टँड पूर्ण बाहेर आलाच नव्हता. गाडी सावकाश, अगदी सावकाश त्याच्या मांडीवर रेलली, त्यानं धरली, धरली, आणि सोडली. वेग किती? शून्य. पंखाला हातभर चीर, ब्रेकचा लिव्हर आत वळलेला, इंडिकेटर वायरीला लोंबतोय. पोराचा चेहरा त्या इंडिकेटरसारखा. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी पन्नास टक्के घट धरते, म्हणजे झिरो डेप नसेल तर अर्धा पंख आपल्या खिशातून. या बाईकला प्लास्टिकशिवाय दुसरं आहे काय? आणि क्लेम केला की बोनस पुन्हा शून्यावर. म्हणून लहानसहान खर्च गपचूप भरायचा. ओंकारला म्हटलं, पहिल्या वर्षी तू पाडणारच, एक लिव्हर आधीच आणून ठेवू. त्याला राग आला.

आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम, ही शोरूमची किंमत वजा घट, त्यात रोड टॅक्स नाही, नोंदणी नाही. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के कापतात, वर्षाच्या आत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस. गाडी चोरीला गेली तर ते पैसे आधी कर्जवाल्याला. पूर्ण बिलाची रक्कम हवी तर रिटर्न टू इन्व्हॉइस घ्यायचं. तेही घेतोय. एजंट आता माझ्यावर खूश आहे.

आणि सायलेन्सर. त्याला मोठ्या आवाजाचा हवाय. मी म्हटलं, कंपनीला कळवून बसव, नाहीतर क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर तो आधी बघेल. मित्रांबरोबर ट्रॅकवर जायचंय म्हणतो. जा, पण शर्यत आणि वेगाची चाचणी पॉलिसीत बसत नाही, तिथे पाडलीस तर तुझा पगार. यावर गप्प बसला. पगार म्हटलं की विशीतली पोरं फार लवकर शहाणी होतात. आपल्याला पगारच नव्हता, तिथेच घोटाळा झाला.

तुझं काय? मंजूच्या बदलीचं झालं का? छत गळायचं थांबलं का? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता उरकून टाक, पुढे ढकलू नकोस. तुझ्या नव्या साहेबाबद्दल सविस्तर कळव, ते प्रकरण मला फार आवडलंय.

दादांची ती ट्रिब्युनलच्या निकालाची प्रत तुझ्या लोखंडी पेटीत असेल. तिचे फोटो काढून पाठव. पंचनाम्याचं पानही पाठव, त्यावरचं नाव मला पुन्हा बघायचंच आहे. ओंकारला दोन्ही वाचायला देतो आणि मग विचारतो, नाव कुणाचं घालायचं. बुकिंगची पावती पुढच्या शनिवारी फाडायची आहे, त्याआधी पाठव.

तुझा,
बाळ्या

ता. क. चोक तूच ओढला होतास.